अस्वलाचा आवाज

मी तिच्यावरून मीठ-मिरच्या उतरवत होते आणि ती माझ्याकडे टक लावून बघत होती. आठ वर्षांची पोरगी, तिसरीतली. तिच्या आईने तिला दिवेलागणीला माझ्या चुलीपुढे पाटावर आणून बसवलं होतं. माझ्या मुठीत लाल मिरच्या, मीठ आणि मोहरी. डोक्यापासून पायापर्यंत हात फिरवायचा आणि म्हणायचं असतं ते म्हणायचं. येणाऱ्याची, जाणाऱ्याची, शेजारणीची, पाहुण्याची, ज्याची कुणाची दृष्ट लागली असेल ती जळून जावो. मी म्हणत होते. पोरीचं खाणं सुटलं होतं ते माझ्यामुळे. हे त्या चुलीपुढे दोघींना माहीत होतं, मला आणि तिला. आईला माहीत नव्हतं.

मूठ चुलीत टाकली. ठसका काही उठला नाही.

आई म्हणाली, "बघा मावशी, एक शिंक न्हाई. किती लागली व्हती माझ्या लेकराला!"

मिरच्या जुन्या होत्या, दमट. मी तसं बोलले नाही. मी म्हणाले, "आता खाईल बघ." पोरगी पाटावरून उठली, फ्रॉक झटकला आणि माझ्याकडे न बघता आईच्या आधी दाराबाहेर गेली.

हे कसं झालं ते सांगते.

जाफराबादच्या रस्त्याला आमचं गाव आहे. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी खिचडी शिजवायला होते. सकाळी तांदूळ निवडायचा, डाळ धुवायची, मोठ्या पातेल्यात चढवायची, मधल्या सुट्टीत पोरांना वाढायची. माझ्या जोडीला अजून एक बाई होती. खिचडी वाढणाऱ्या बाईला गावातल्या प्रत्येक पोराचं पोट माहीत असतं. कोण पळीने वाढलेला अर्धा डाव घेऊन टाकून देतं, कोण वाटाणे वेचून बाजूला करतं, कोणाच्या घरी काल चूल पेटली नाही, सगळं ताटात दिसतं. आमचा एक नियम होता. कुणी लावून दिलेला नव्हता, पण होता. कोण किती खातं हे स्वयंपाकघराबाहेर बोलायचं नाही. माझ्या जोडीदारणीने एकदा पाण्याच्या टाकीवर एका पोराच्या खाण्याचं काहीतरी बोलून टाकलं, तेव्हा मीच तिला झाडली होती. "वाढणाऱ्या बाईनं डोळे वाढायपुरते उघडावे," असं मी तिला म्हणाले होते. मी.

ही पोरगी तीन डाव घ्यायची. उगाच कुणाला तिची दया यायला नको म्हणून सांगते, ती उपाशी घरची नव्हती. घरची शेती होती, कापूस-सोयाबीन होतं, बाप जालन्याला एमआयडीसीत लोखंडाच्या कारखान्यात होता आणि पंधरा दिवसांनी गाडीवर यायचा. घरात दूध होतं, तूप होतं. पोरीची भूकच मोठी होती, एवढंच. अंगानेही भरलेली होती. पहिला डाव खाऊन झाला की ती ताट घेऊन माझ्यापुढे यायची, एक बोट वर करायची आणि एकदम बारीक, लाडिक आवाजात म्हणायची, "आजी, अजून थोडं." मी घालायची. थोड्या वेळाने पुन्हा यायची, "आजी, अजून थोडं." मला बरं वाटायचं. शिजवणाऱ्या बाईला खाणारं पोर आवडतं.

त्या वर्षी शाळेत गोष्टीच्या पुस्तकांची पेटी आली. पातळ, मोठ्या अक्षरांची, रंगीत चित्रांची पुस्तकं. आमच्या वेळी शाळेत असं काही नव्हतं. मी चौथीपर्यंत शिकले, तेवढ्यात एकही हसायचं पुस्तक पाहिलं नाही. पुस्तकात एकतर राजा असायचा, नाहीतर शेवटी शिकवण असायची. ही पुस्तकं वेगळी होती. एकात कावळा चष्मा घालून शाळेत जातो. एकात म्हैस झाडावर चढते आणि उतरायला तयार होत नाही. भांडी घासून झाली की मी एकेक काढून ओसरीवर बसून वाचायची आणि एकटीच हसायची.

सर शनिवारी पोरांना त्यातलं एक वाचून दाखवायचे. सर चांगले होते, तरुण, पण त्यांना हसवता यायचं नाही. दर पानाला थांबून विचारायचे, "मग मुलांनो, म्हशीचं काय चुकलं?" पोरं जांभया द्यायची. एका शनिवारी मी दारातून म्हणाले, "सर, गोष्ट वाचून राह्यले का हजेरी घेऊन राह्यले?"

सगळी पोरं हसली. सरही हसले. म्हणाले, "मंग तुम्हीच वाचा की मावशी. पुढचा शनिवार तुमचा."

मला हे पाहिजेच होतं. नाही म्हणाले नाही, एकदाही.

मला हसवता येतं. ते मी कापसाच्या शेतात शिकले. खिचडीच्या आधी पस्तीस-चाळीस वर्षं मी रोजाने खुरपायला गेले. बायका ओळीने बसतात, प्रत्येकीला खुरपायला पिकाची आपापली पात, आणि ऊन डोक्यावर आलं की पात सरकत नाही. मंग कुणीतरी बोलावं लागतं. मी बोलायची. माझी एक पद्धत होती. त्या दिवशी ओळीतली एक बाई धरायची आणि गोष्ट तिच्यावर रचायची. गोष्टीतली राणी असो, म्हातारी असो, गाढवीण असो, बोलायची ती त्या बाईच्या आवाजात. जी नाकात बोलते तिचं नाक, जी तोतरं बोलते तिचं तोतरं. बायका खुरपं टाकून हसायच्या आणि हसता हसता पात संपायची. शेतमालक निरोप पाठवताना सांगायचे, त्या बाईला घेऊन या, तिच्यामुळे रान लवकर होतं. ज्या बाईला धरलं ती चिडायची नाही. कारण जेवायच्या सुट्टीपर्यंत तिने माझी चाल, माझा घोगरा आवाज, माझं मोडकं नाक सगळं उचलून मला परत दिलेलं असायचं. तिथे सगळ्यांच्या हातात खुरपं होतं आणि सगळ्यांच्या तोंडात जीभ होती.

तीच पद्धत मी तिसरीच्या वर्गात नेली. पोरांच्या तोंडात माझ्यापुढे जीभ नव्हती, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

पहिल्या शनिवारी मी कावळा वाचला, सरांच्या आवाजात. पोरं बस्करावर लोळली. सर लाल झाले, पण त्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या शनिवारी म्हैस वाचली, माझ्याच जोडीदारणीच्या आवाजात. ती दारात उभी राहून म्हणाली, "थांब, तुला दावते." आणि दुपारभर मला म्हैस म्हणून हाका मारत बसली. दोन शनिवारांत मी गावात मोठी झाले. दुकानावर बायका विचारायच्या, "आता कोणाचा नंबर?" मला ते फार आवडलं. खोटं कशाला बोलू.

तिसऱ्या शनिवारी अस्वल होतं. जंगलात लग्न असतं. अस्वल जेवायला येतं आणि दर वेळी म्हणतं, "अजून थोडं." लाडू संपतात, भात संपतो, शेवटी मांडवाला लावलेली केळीची पानंसुद्धा ते खातं. मग त्याचं पोट एवढं होतं की ते मांडवातून बाहेर निघत नाही. ते उठतं तर मांडवच उठतो. मांडव अंगावर घेऊन अस्वल चालायला लागतं, आणि नवरा-नवरी मांडवावर बसून वरातीला निघतात.

पुस्तकात "अजून थोडं" वाचलं आणि मला तिचा आवाज आपोआप आला. बारीक, लाडिक. एक बोट वर झालं. मी ठरवलं नव्हतं, पण आल्यावर मी तो सोडलाही नाही. वर्ग एकदम गप झाला आणि मग फुटला. सगळ्यांना कळलं. पोरं मागे वळून बघायला लागली.

ती पोरगी आधी हसली. मला तिचा तो चेहरा दिसतो. सगळे हसतात म्हणून हसली, मग डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, आणि मग तिचं हसू तोंडावर तसंच राहिलं, पण डोळ्यांत नव्हतं. हे मी पाहिलं. मी पाहून पुढचं पान उलटलं. पुढे चार वेळा अस्वल "अजून थोडं" म्हणतं. चारही वेळा मी बोट वर केलं. वर अजून घातलं, "अरे पोट हाय का पिंप! लाज न्हाई वाटत?" त्याला तर एवढा हशा आला की शेजारच्या वर्गातली पोरं खिडकीला येऊन लटकली.

त्याच दिवशी खिचडी वाढताना ती पहिल्या डावाला आली. ताट भरलं. दुसऱ्या डावाला आली नाही. मी स्वतः पातेलं घेऊन तिच्याकडे गेले आणि डाव तिच्या ताटावर धरला. तिने ताटावर हात आडवा घातला. डाव कलला होता, गरम खिचडी तिच्या बोटांवर सांडली. ओरडली नाही. हात काढला नाही. "बस," म्हणाली. तिच्या रांगेतलं कुणीतरी ओरडलं, "मांडव धरा रे, मांडव!" आणि सगळी रांग हसली.

सोमवारी तिने अर्धा डाव घेतला. मंगळवारी घेतला आणि तसाच कुत्र्याला टाकला. पुढच्या पंधरा दिवसांत तिच्या शाळेच्या स्कर्टला कमरेपाशी एक पिन आली, मग ती पिन दोन बोटं आत सरकली. प्रार्थनेला उभी असताना मी तिची पिन बघायची. सर म्हणाले, "ऊन लागलं असेल." मी म्हणाले, "असंल."

मग तिची आई शाळेत आली. पातेलं धूत होते तिथे येऊन टेकली. "मावशी, तुमच्याकडं तरी खाती का ओ? घरी अर्धी भाकर खाऊन उठून राह्यली. जंताचं औषध दिलं, डॉक्टरकडं नेलं, काही निघत न्हाई. मी तिला म्हणलं बाई बोल तरी, तर बोलत न्हाई."

बोलायची वेळ तीच होती. मी हात पुसले आणि म्हणाले, "दृष्ट लागली असंल."

हे माझ्याच तोंडातून आलं. कुणी मला सुचवलं नव्हतं. तिला लगेच पटलं, खाणाऱ्या पोराला दृष्ट लागतेच. म्हणाली, "मंग तुम्हीच उतरवा. तुमच्या हाताला गुण हाय. मिरच्या मी आणते." आणि संध्याकाळी ती पोरीला घेऊन आली. पुढचं वर सांगितलं आहे.

मधले शनिवार मी कामाचं निमित्त काढून टाळले होते. त्यानंतरच्या शनिवारीही मी वाचायला नको म्हणाले. सरांनी हात धरून वर्गात नेलं. मी कासवाचं पुस्तक घेतलं आणि कुणाचाच आवाज न काढता वाचलं. पोरं वैतागली. "आजी, अस्वलाचं वाच ना! त्या आवाजात!" आणि सगळ्यांच्या माना पुन्हा मागे वळल्या. पोरगी भिंतीला टेकून बसली होती आणि पाटीवर पेन्सिलीने एकच रेघ पुन्हा पुन्हा ओढत होती. मी पुस्तक मिटलं आणि बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळीच त्यांच्या घरी गेले. आई अंगणात सोयाबीन पाखडत होती. मी बसलेसुद्धा नाही. उभ्यानेच सांगितलं, दृष्ट नाही, काही नाही, मी भर वर्गात तुझ्या पोरीला अस्वल केलं, तिचा आवाज काढला, तेव्हापासून ती खात नाही.

तिच्या हातातलं सूप थांबलं. "तुम्ही?"

"हो."

"अन् माझ्याच पोरीवरून मिरच्या उतरवल्या तुम्ही?"

"हो."

"मिरच्याबी माझ्याच घरच्या!" ती म्हणाली. मग सूप खाली ठेवलं. "मी तुमच्या पाया पडले व्हते त्या दिवशी, मावशी. आठवतंय का?"

आठवत होतं.

"मला काय सांगता मंग? मला थोडंच अस्वल केलं. तिला सांगा. ती बघा, बसलीय."

पोरगी ओट्यावर अभ्यास करत होती. सगळं ऐकलेलं होतं. मी तिच्यापुढे जाऊन उभी राहिले. मला पोरांची माफी मागायची सवय नव्हती. आमच्यात मोठी माणसं पोरांची माफी मागत नाहीत, मी माझ्या स्वतःच्या लेकरांचीही कधी मागितली नाही. मी म्हणाले, "मी तुझा आवाज काढला. चुकलं माझं."

"मला माहीत हाय," ती म्हणाली. वहीतून मान वर केली नाही. मग विचारलं, "आजी, तू 'लाज न्हाई वाटत' असं का म्हणलीस?"

"पुस्तकात तसं..."

"पुस्तकात न्हाई. मी सरांकडून घेऊन दोनदा वाचलं. अस्वलाला तसं कुणीच म्हणत न्हाई."

तशीच निघाले, सरांच्या खोलीवरून किल्ली घेतली, शाळेत जाऊन पेटी उघडली आणि अस्वलाचं पुस्तक काढून ओसरीवर बसले. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकेका शब्दावर बोट ठेवून वाचलं. ती खरं बोलत होती. त्या पुस्तकात अस्वलाला एकही जण काही बोलत नाही. हरीण लाडू आणून देतं. माकड म्हणतं, "घे रे, लग्न आहे." भात संपतो तेव्हा वाढपी ससा पातेलं उलटं करून डोक्यावर घालतो आणि नाचतो. अस्वल मांडव घेऊन चालतं तेव्हा त्याची छाती पुढे आहे, तोंडावर आनंद आहे, आणि वर बसलेली नवरी त्याच्या डोक्यावर अक्षता टाकते आहे. हसायला येतं ते मांडव चालतो म्हणून, पातेलं सशाच्या गळ्यात अडकतं म्हणून. अस्वलाला हसावं असं कुठे काही नाही. ज्याने कुणी ते लिहिलं त्याला माहीत असणार की वाचणाऱ्या पोरांत एखादं खाणारं पोर बसलेलं असतं. त्याने त्या पोराला मांडवाखाली दडपलं नव्हतं, मांडव त्याच्या अंगावर देऊन मिरवलं होतं. पिंप माझं होतं. लाज माझी होती. मी ती पुस्तकाच्या नावावर खपवली, आणि इतके दिवस मलाही वाटत होतं की ती छापलेलीच आहे.

पुढच्या शनिवारी मी ते पुस्तक पुन्हा वर्गात नेलं. सांगितलं, "मागल्या खेपेला यात मी दोन वाक्यं माझ्या मनाची घातली होती. ती यात न्हाईत. आज जे हाय तेच वाचते." आणि वाचलं, माझ्या घोगऱ्या आवाजात. ससा नाचला तिथे पोरं हसली, पण पहिल्यासारखी नाही. वाचून झाल्यावर पुढे बसलेली एक चिमुरडी म्हणाली, "आजी, ते पिंपाचं का काढलं? तेच तर भारी व्हतं."

तेच भारी होतं.

त्या दिवसानंतर मी वर्गात वाचलं नाही. सरांनी विचारलं तर मी म्हणायची, घसा धरतो. पोरं काही लगेच विसरली नाहीत. "मांडव धरा" हे वर्षभर चाललं. मी एक-दोघांचे कान पिळले, त्याने ते अजून वाढलं. मग सरांनी खेळाच्या तासाला दुसरं काहीतरी काढलं आणि ते हळूहळू मागे पडलं. तिची आई माझ्याशी पुढच्या पोळ्यापर्यंत बोलली नाही. पुढे बोलायला लागली, कामापुरतं. मावशी म्हणते, पण आता पाया पडत नाही. बरोबर आहे.

पोरगी खायला लागली. एकदम नाही. आधी एक डाव पुरा, मग दिवाळीच्या सुट्टीनंतर दीड, उन्हाळ्यापर्यंत दोन. पिन बाहेरच्या बाजूला सरकली आणि एक दिवस निघाली. पण "आजी, अजून थोडं" हे तिने पुन्हा मला कधी म्हटलं नाही. ताट घेऊन यायची, पुढे धरायची, गप उभी राहायची, आणि पुरे झालं की ताट मागे घ्यायची. मी तिच्या ताटाकडे बघून वाढायची. दोन वर्षं आमच्यात एवढंच चाललं. बोट वर नाही, आवाज नाही. घरी ती आईजवळ मागते, असं ऐकलं. माझ्याजवळ नाही.

आता ती सहावीत आहे, जीपने जाफराबादला शाळेत जाते. रस्त्यात दिसली तर "आजी" म्हणते आणि पुढे जाते. मी खिचडीचं काम गेल्या वर्षी सोडलं, गुडघे चालत नाहीत म्हणून. लोकांना अजून वाटतं की मी फार हसवायची, आणि कुणाच्या घरी बारसं, डोहाळजेवण असलं की म्हणतात, काढा ना एखादा आवाज. मी काढत नाही.

लाज मला वाटते, पण ती आत्ता, बसल्या जागेवर, पोट भरलेलं असताना. उपाशी राहिली ती. भर वर्गात हसू तोंडावर धरून बसली ती, बोटांवर गरम खिचडी झेलली ती, आणि माझ्या चुलीपुढे गप बसून माझ्याच हाताने दृष्ट काढून घेतली तीही तिनेच. तेव्हा ती आठ वर्षांची होती.